अंकांतील समता : यंत्रे, भद्रगणित आणि आपला वारसा

(न्यासाच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्ण महोत्सव म्हणजे पन्नास वर्षांचा हिशेब मांडण्याचा प्रसंग होय. संस्थेने केलेली कामे, दात्यांनी दिलेले दान, कार्यकर्त्यांनी वाहिलेला भार यांचा आढावा या महोत्सवात अन्यत्र घेतला जाईलच. आजचा विषय मात्र अशा एका ठेव्याचा आहे, जो कोणत्याही ताळेबंदात दाखवला जात नाही. तो ठेवा म्हणजे आपल्या देवघरात, तिजोरीच्या दारावर आणि दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी दिसणारी अंकयंत्रे. पंधराचे यंत्र, चौतिसाचे यंत्र आणि चोवीस तीर्थंकरांच्या स्मरणाशी जोडलेले पैंसठिया यंत्र ही नावे आपल्या समाजाला नवीन नाहीत. या यंत्रांना आपण हळदकुंकू वाहतो, धूप दाखवतो, त्यांच्यासमोर हात जोडतो. परंतु त्यातील अंकांची बेरीज करून पाहणारे आपल्यात किती आहेत, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावा. पूर्वजांनी ज्ञान म्हणून दिलेली वस्तू केवळ भिंतीवरची शोभा होऊन राहावी काय, हा आजच्या विवेचनाचा मूळ मुद्दा आहे.

पंधराचे यंत्र

प्रारंभ सर्वांत लहान यंत्रापासून करू. तीन आडव्या आणि तीन उभ्या ओळींत मिळून नऊ घरे. त्यात १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदाच मांडायचे. अट एवढीच की, प्रत्येक आडव्या ओळीची, प्रत्येक उभ्या ओळीची आणि दोन्ही कर्णांची बेरीज समान यावी.

८  १  ६
३  ५  ७
४  ९  २

अशा रचनेला गणितात जादूचा चौरस म्हणतात. नाव जादूचे असले, तरी तिच्यात हातचलाखी नाही. बेरीज पंधराच का येते, हे शाळकरी मुलालाही समजेल. १ ते ९ या अंकांची एकूण बेरीज ४५. ती तीन ओळींत सारखी वाटली, तर प्रत्येकीच्या वाट्याला १५ येतात. मध्यभागी ५ हाच अंक का, याचेही कारण आहे. मधल्या घरातून चार रेषा जातात : एक आडवी, एक उभी आणि दोन कर्ण. या चार रेषांची मिळून बेरीज ६०. त्या बेरजेत सर्व घरे एकदा येतात आणि मधले घर आणखी तीन वेळा येते. साठातून पंचेचाळीस वजा केले की पंधरा उरतात. ते मधल्या अंकाच्या तिपटीएवढे असले पाहिजेत. म्हणून मधला अंक ५. तसेच १ हा अंक कोपऱ्यात बसू शकत नाही. कोपऱ्यातील अंकाला तीन रेषांत सामील व्हावे लागते. परंतु एकासह पंधरा होण्याचे मार्ग दोनच आहेत, १-५-९ आणि १-६-८. असा विचार पुढे नेला, तर लक्षात येते की, फिरवून किंवा आरशात पाहून मिळणारी आठ रूपे सोडली, तर तीन घरांचा चौरस जगात एकच आहे. चीनमध्ये तो लो-शू या नावाने प्राचीन काळापासून ज्ञात आहे. देश, भाषा आणि धर्म भिन्न असले, तरी विचार शुद्ध असला की माणूस त्याच एका रचनेपाशी पोहोचतो.

सुगंधापासून मंदिराच्या दारापर्यंत

भारतात अशा रचनांचा उपयोग व्यवहारातही झाला. सहाव्या शतकातील वराहमिहिरांनी आपल्या बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाचे प्रकरण दिले आहे. सोळा द्रव्ये सोळा घरांत मांडायची आणि प्रत्येक घरात त्या द्रव्याचे प्रमाण लिहायचे.

२  ३  ५  ८
५  ८  २  ३
४  १  ७  ६
७  ६  ४  १

येथे १ ते ८ हे अंक दोनदा आले आहेत. कोणत्याही ओळीतील चार द्रव्ये घेतली, उभी घेतली किंवा कर्णावरची घेतली, तरी एकूण भाग अठराच होतात. सोळांतून चार द्रव्ये निवडण्याचे १८२० प्रकार होतात, हेही तेथे नोंदलेले आहे. सुगंध तयार करणाऱ्या कारागिराच्या हाती गणिताने दिलेला हा तयार तक्ताच होता.

यापुढील टप्पा आपल्या दृष्टीने विशेष अभिमानाचा आहे. मध्य प्रदेशातील खजुराहो येथे चंदेल राजांच्या काळात उभारलेला जैन मंदिरांचा समूह आहे. त्यातील पार्श्वनाथ मंदिर दहाव्या शतकातील असून ते मूळचे भगवान आदिनाथांचे होते. सध्याची पार्श्वनाथांची मूर्ती १८६० साली प्रतिष्ठित झाली. विक्रम संवत १०११, म्हणजे इ. स. ९५४ चा शिलालेख या मंदिरात आहे. राजा धंग याच्याकडून सन्मानित झालेल्या पाहिल नावाच्या श्रावकाने मंदिरासाठी सात बागा दान दिल्याची नोंद त्यात आहे. पुढे कोणत्याही वंशाचे राज्य आले, तरी या दानाचे जो रक्षण करील, त्याच्या दासांचाही आपण दास आहोत, अशा आशयाची नम्र विनंती त्या दात्याने कोरून ठेवली. धर्मादाय संस्थेचे विश्वस्तपद म्हणजे काय, हे हजार वर्षांपूर्वीच्या त्या विनंतीवरून आजही समजून घ्यावे.

याच मंदिराच्या दारावर सोळा घरांचा एक चौरस कोरलेला आहे. तेच हे प्रसिद्ध चौतिसाचे यंत्र :

७  १२  १  १४
२  १३  ८  ११
१६  ३  १०  ५
९  ६  १५  ४

१ ते १६ यांची बेरीज १३६. तिचा चौथा भाग ३४. आडव्या, उभ्या आणि कर्णावरील बेरजा चौतीस येतात, हे तर झालेच. या चौरसाची थोरवी त्यापुढे सुरू होते. चार कोपरे घ्या : ७, १४, ९, ४; बेरीज चौतीस. मधली चार घरे घ्या : १३, ८, ३, १०, पुन्हा चौतीस. एकमेकांना लागून असलेल्या चार घरांचे असे नऊ लहान चौकोन या आकृतीत सापडतात आणि त्या प्रत्येकाची बेरीज चौतीस आहे. तुटलेला कर्ण घ्या, म्हणजे १२, ८, ५ असे तिरपे उतरत कडेला पोहोचल्यावर पलीकडच्या बाजूने खालच्या ओळीतील ९ वर यावे, बेरीज चौतीसच. वरची ओळ उचलून सर्वांत खाली ठेवा, किंवा डावी उभी ओळ उजवीकडे न्या, तरी चौरसाचा एकही गुण कमी होत नाही. या नगराला जणू वेस नाही आणि यात पहिला-शेवटचा असा भेदही नाही.

याचे रहस्य जोड्यांत आहे. कोणत्याही घरापासून तिरपे दोन घरे जा. तेथील अंक आणि मूळ अंक मिळून सतरा होतात. ७ ला १०, १२ ला ५, १ ला १६, १४ ला ३, २ ला १५, १३ ला ४, ८ ला ९ आणि ११ ला ६. मोठ्या अंकाला लहान अंक सांभाळून घेतो आणि लहानाला मोठा. सर्वांत लहान एकाची जोडी सर्वांत मोठ्या सोळाशी जमावी, यातील सौंदर्य समजावून सांगण्याची गरज नाही.

व्यापाऱ्यांच्या भाषेतील गणित

असे चौरस कसे रचावेत याचे नियम सांगणाऱ्या आरंभीच्या भारतीय ग्रंथांत एका श्रावकाच्या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. त्यांचे नाव ठक्कुर फेरू. जातीने श्रीमाळ, खरतरगच्छाचे अनुयायी, आणि दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या दरबारी खजिना व टांकसाळीशी संबंधित अधिकारी. रत्नांच्या परीक्षेवर त्यांनी १३१५ साली ग्रंथ लिहिला आणि नाण्यांच्या परीक्षेवर १३१८ साली. त्यांचा गणितावरील ग्रंथ म्हणजे गणितसार. संस्कृतात न लिहिता अपभ्रंशाकडे झुकणाऱ्या प्राकृतात, व्यवहारातील माणसाला समजेल अशा बोलीत त्यांनी तो रचला. वस्त्रांचे हिशेब आणि अंकयंत्रे हे दोन्ही विषय त्यांनी एकाच ग्रंथात हाताळले. घरांच्या संख्येनुसार यंत्रांचे विषम, सम आणि समविषम असे तीन वर्ग करून ती भरण्याच्या रीती त्यांनी सांगितल्या. बाजारातील मोजमाप आणि अंकांची निखळ शोभा यांत त्यांना अंतर वाटले नाही. ज्या हाताने नाण्यातील चांदी पारखली, त्याच हाताने त्यांनी यंत्राची घरे भरली.

हे ग्रंथ पुढे कित्येक शतके विस्मृतीत गेले. विसाव्या शतकात अगरचंद नाहटा आणि भंवरलाल नाहटा या बिकानेरच्या व्यापारी घराण्यातील विद्वानांना त्यांचे हस्तलिखित कलकत्त्यात हाती लागले आणि १९६१ साली फेरूंच्या सात ग्रंथांचा संग्रह छापून प्रसिद्ध झाला. एका व्यापारी श्रावकाची विद्या दुसऱ्या व्यापारी श्रावकांनी वाचवली. आपापल्या घरांतील माळ्यांवर, जुन्या पेट्यांत, कापडात बांधून ठेवलेल्या पोथ्या आणि वह्यांकडे पाहताना ही घटना ध्यानात असावी. वाळवीने खाल्लेला कागद परत मिळत नाही.

फेरूंनंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १३५६ साली, नारायण पंडितांनी गणितकौमुदी हा ग्रंथ लिहिला. नारायण जैन नव्हते; परंतु या विषयाला स्वतंत्र शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय त्यांचे आहे. ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणाला त्यांनी भद्रगणित असे नाव दिले. भद्र म्हणजे मंगल, कल्याणकारी. हे ज्ञान शिवाने मणिभद्र यक्षाला दिले, अशी कथा ते सांगतात. सोळा घरांचा चौरस बुद्धिबळातील घोड्याच्या चालीने कसा भरावा, हेही त्यांनी दाखवले. खजुराहोच्या चौरसासारखे, तुटलेल्या कर्णांचीही बेरीज राखणारे सोळा घरांचे चौरस ३८४ आहेत, असे त्यांनी लिहून ठेवले. रॉसर आणि वॉकर या पाश्चात्त्य गणितज्ञांनी १९३८ साली काटेकोर सिद्धता देऊन हीच संख्या निश्चित केली. मध्यंतरी ५८२ वर्षे गेली होती.

सुरत, नाशिक आणि देवळाली

आता या विद्येचा प्रवास पाहू. सायमन द ला लूबेर हा फ्रेंच राजदूत १६८७-८८ मध्ये सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला गेला होता. परतीच्या जहाजावर व्हिन्सेंट नावाच्या सहप्रवाशाने त्याला विषम घरांचे चौरस भरण्याची एक सोपी भारतीय रीत दाखवली. व्हिन्सेंटने ती सुरत येथे पाहिली होती. ला लूबेरने १६९१ साली आपल्या प्रवासवर्णनात ती छापली आणि युरोपात ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. रीत अशी : वरच्या ओळीच्या मधल्या घरात १ लिहावा. पुढचा अंक नेहमी एक घर वर व एक घर उजवीकडे तिरपा लिहावा. चौरसाबाहेर गेलो, तर समोरच्या बाजूने आत यावे. पुढचे घर आधीच भरलेले असेल, किंवा उजव्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर पडण्याची वेळ आली, तर आताच्या घराच्या थेट खाली उतरावे. आरंभी दिलेले पंधराचे यंत्र याच रीतीने तयार होते. सुरत हे तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरील कापडव्यापाराचे मोठे बंदर होते. तेथून गाठी बाहेर गेल्या, तसे गणितही गेले.

आपल्या महाराष्ट्राचेही नाव या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात ए. एच. फ्रॉस्ट हे इंग्रज मिशनरी नाशिक येथे राहिले होते. तुटलेल्या कर्णांचीही बेरीज राखणाऱ्या चौरसांवर त्यांनी संशोधन केले आणि त्यांना नाशिक चौरस असे नाव दिले. १८७८ साली इंग्लंडमधील गणिताच्या नियतकालिकात त्यांचा लेख याच नावाने आला. म्हणजे खजुराहोच्या जैन मंदिरावरचा चौरस ज्या कुळातला आहे, त्या कुळाचे एक नाव नाशिकवरून पडले आहे.

त्याच नाशिकजवळ देवळाली येथे द. रा. कापरेकर (१९०५ ते १९८६) शाळेत शिक्षक होते. विद्यापीठातील पद किंवा मोठे ग्रंथालय त्यांच्यापाशी नव्हते. अंकांवरील प्रेम मात्र अखंड होते. ६१७४ या संख्येचा त्यांचा शोध आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून शिकवला जातो. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी संख्या, असे नाव दिले. जादूच्या चौरसांवरही त्यांनी काम केले. अंकांतून हर्ष मिळतो, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्याने दाखवले. त्यासाठी कागद, पेन्सिल आणि थोडा निवांतपणा यांखेरीज भांडवल लागत नाही.

पैंसठिया यंत्र

आता आपल्या घरोघरच्या पैंसठिया यंत्राकडे वळू. पंचवीस घरे, १ ते २५ अंक. एकूण बेरीज ३२५ आणि तिचा पाचवा भाग ६५.

२२  ३  ९  १५  १६
१४  २०  २१  २  ८
१  ७  १३  १९  २५
१८  २४  ५  ६  १२
१०  ११  १७  २३  ४

यातील १ ते २४ हे अंक चोवीस तीर्थंकरांच्या क्रमाचे निदर्शक मानले जातात. पहिली ओळ वाचताना नेमिनाथ, संभवनाथ, सुविधिनाथ, धर्मनाथ आणि शांतिनाथ यांचे स्मरण होते. मधल्या ओळीत आदिनाथ, सुपार्श्वनाथ, विमलनाथ आणि मल्लिनाथ येतात. आडव्या, उभ्या, कर्णावरच्या आणि तुटलेल्या कर्णांच्या सर्व बेरजा पासष्ट आहेत. म्हणजे हाही नाशिक चौरसाच्याच कुळातला.

त्याची रचना पाहा. १ पासून निघा आणि प्रत्येक वेळी एक घर वर व दोन घरे डावीकडे जा. बाहेर पडल्यास समोरच्या बाजूने आत या. ही बुद्धिबळातील घोड्याची अडीच घरांची चाल होय. १ नंतर २, ३, ४, ५ असे आपोआप सापडत जातात. पाच अंक झाले की पुढचे घर भरलेले आढळते. तेव्हा शेजारच्या उजव्या घरात ६ लिहून पुन्हा तीच चाल सुरू करावी. ११, १६ आणि २१ यांच्या वेळीही असेच. पाठशाळेतील मुलांनी हे यंत्र पाठ करण्याची गरज नाही. एवढी चाल कळली की ते केव्हाही कोऱ्या कागदावर उभे करता येते.

आणखी एक गुण. मधल्या घरात १३, म्हणजे विमलनाथ. त्या घरातून समोरासमोर येणाऱ्या कोणत्याही दोन घरांची बेरीज २६ होते. तेविसावे पार्श्वनाथ आणि तिसरे संभवनाथ समोरासमोर आहेत. चोविसावे महावीर आणि दुसरे अजितनाथ समोरासमोर आहेत. सोळावे शांतिनाथ आणि दहावे शीतलनाथ समोरासमोर आहेत. तीर्थंकरांत लहान-मोठे कोणी नाही, ही आपली श्रद्धा आहे. यंत्रात क्रमांक वेगवेगळे असूनही प्रत्येक ओळीचे मोल सारखेच राहते.

चूक पकडणारी रचना

या यंत्राचा एक उपयोग फारसा कोणी सांगत नाही. समजा, छापताना १८ च्या जागी १६ पडला. चौथी आडवी ओळ ६३ भरेल आणि पहिली उभी ओळही ६३ भरेल. बाकीच्या सर्व ओळी पासष्टच राहतील. म्हणजे चूक कोठे आहे, तर या दोन ओळी जेथे छेदतात त्या घरात. आणि किती आहे, तर दोनने. अंक पुसून गेला असेल, तरी तो अशाच प्रकारे परत मिळतो. मंदिराच्या दगडावरील एखादे घर काळाच्या ओघात झिजले, तरी उरलेली पंधरा घरे त्याची साक्ष देतील. जमाखर्च लिहिणाऱ्यांना हे तत्त्व परिचित आहे. आडव्या-उभ्या बेरजा जुळल्या, तेरीज मिळाली की लिहिणाऱ्याला समाधान वाटते आणि तपासणाऱ्याला चूक शोधण्याची वाट सापडते.

यंत्राची खरी शक्ती येथे आहे. ते कोणालाही म्हणत नाही की, माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेव. ते म्हणते, बेरीज करून पाहा. राजाने केली, नोकराने केली, आठ वर्षांच्या मुलीने केली, तरी उत्तर तेच.

म्हणूनच या यंत्रांच्या नावाने जे चालते, त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले यंत्र तिजोरीत ठेवले की धंदा वाढतो, अमुक दिवशी अमुक शाईने लिहिले की दावा जिंकता येतो, अशा आश्वासनांवर यंत्रे विकली जातात आणि श्रावकही ती घेतात. ज्या धर्माने कर्मसिद्धांत सांगितला, त्याच्या अनुयायांनी हे कसे मानावे? आपण बांधलेले कर्म आपणच भोगायचे आणि आपल्याच पुरुषार्थाने त्याची निर्जरा करायची. सोळा अंक त्यात कमी-जास्त करू शकत नाहीत. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात लोकमूढता हा सम्यग्दर्शनाला लागणारा दोष म्हणून सांगितला आहे. विचार न करता, सर्वजण करतात म्हणून करणे, हीच ती मूढता. विकत आणलेल्या यंत्रात एखादा अंक चुकीचा पडला आणि घरातील चार पिढ्यांनी त्याची पूजा केली, तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. कारण बेरीज करण्याची सवयच राहिलेली नाही. यात यंत्राचा दोष नाही. ज्ञानाला केवळ वस्तू मानणाऱ्या वृत्तीचा तो दोष आहे.

मग यंत्राचा धार्मिक उपयोग काहीच नाही काय? अवश्य आहे. त्याचे उत्तम उदाहरण आनुपूर्वीच्या छोट्या पुस्तिकेत मिळते. नमस्कार महामंत्राची पाच पदे १ ते ५ या अंकांनी दर्शवून त्यांचे सर्व १२० क्रम वीस कोष्टकांत, प्रत्येकी सहा ओळींत मांडलेले असतात. एक आला की अरिहंतांना, दोन आला की सिद्धांना, तीनला आचार्यांना, चारला उपाध्यायांना आणि पाचला सर्व साधूंना नमस्कार करायचा. नेहमीच्या क्रमाने जप करताना जीभ चालत राहते आणि मन दुकानात फिरून येते. क्रम बदलला की मनाला हजर राहावेच लागते. हेच कार्य पैंसठिया यंत्रही करते. येथे अंक चित्त स्थिर करण्याचे साधन आहे. फळ मिळते ते एकाग्रतेचे आणि त्यातून साधणाऱ्या शुभ भावाचे.

पुढील पिढीसाठी

या सुवर्ण महोत्सवी वर्षात संकल्प अनेक होतील. त्यात एक लहान संकल्प जोडावा. पाठशाळेतील प्रत्येक मुलाने आणि मुलीने वर्षभरात तीन यंत्रे स्वतः रचावीत : पंधराचे, चौतिसाचे आणि पासष्टाचे. रचल्यावर बेरजा तपासाव्यात, चूक निघाल्यास ती शोधून दुरुस्त करावी आणि ते घरी आजी-आजोबांना समजावून सांगावे. आजी-आजोबांनी आनुपूर्वी हाती घेऊन नातवंडांसोबत एक कोष्टक रोज वाचावे. ज्यांच्या घरी जुन्या पोथ्या, हस्तलिखिते किंवा वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत जाऊ न देता जाणकारांना दाखवाव्यात. याला मोठा निधी लागत नाही. एक फळा, थोडे खडू आणि रविवारचा एक तास पुरेसा आहे.

समाजही यंत्रासारखाच असतो. कोणाचा अंक एक, कोणाचा पंचवीस. कोणाची देणगी मोठी, कोणाची लहान; कोणी व्यासपीठावर, कोणी भोजनशाळेत वाढणारा. परंतु एकाचे घर रिकामे राहिले, तर त्याची आडवी ओळ बिघडते, उभीही बिघडते आणि सर्वांची बेरीज चुकते. पाहिल श्रावकाच्या सात बागांची नोंद ज्या मंदिरात आहे, त्याच मंदिराच्या दारावर चौतिसाचे यंत्र आहे. दान आणि ज्ञान यांचा तो शेजार आपल्या न्यासात पुढील पन्नास वर्षे टिकून राहो आणि प्रत्येक वर्षाचा हिशेब, सर्व बाजूंनी तपासला तरी, सारखाच भरो, हीच जिनेश्वर चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.